कोरा कोपरा

“तुमच्या प्रत्येक चित्रात उजवीकडचा खालचा कोपरा कोरा असतो. त्यामागची प्रेरणा काय?” मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीने विचारलं, आणि कॅमेरामनने मान हलवली, म्हणजे चालू आहे.

बेबीने जांभई गिळली. पेपरात तिचं नाव काहीही छापून येवो, घरात ती साठीला टेकली तरी बेबीच होती. या प्रश्नाचं उत्तर तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं.

“बघणाऱ्यासाठी जागा ठेवते मी. सगळं मीच भरून टाकलं, तर तो बिचारा उभा कुठे राहणार?”

मुलगी खूश झाली. हे वाक्य सगळ्यांनाच आवडायचं. बेबीला मात्र ते धुऊन धुऊन विटलेल्या उशीच्या अभ्र्यासारखं वाटायला लागलं होतं.

“कशाला लोणकढी थाप मारतेस गं?” खिडकीजवळच्या पलंगावरून आई म्हणाली.

खोली एवढीशी, की कॅमेऱ्याच्या तिवईचा एक पाय पलंगाखालीच गेला होता. कमरेचं हाड मोडल्यापासून आई त्या पलंगावर होती, आणि शेजारच्या खुर्चीत बेबी. समोरच्या इमारतीची मागची बाजू, तिचे पाइप, वाळत घातलेले कपडे, कुणीतरी टाकून दिलेली सायकल, खिडकीतून दिसेल ते ती मांडीवरच्या फळीवर रंगवायची. तेलरंगांच्या वासाने आईला खोकल्याची ढास लागायची, म्हणून जलरंग. मोठा कागद मांडीवर मावायचा नाही, म्हणून छोटा. जाणकार याला संयम म्हणायचे.

“मी सांगते,” आई त्या मुलीला म्हणाली. “ही रंगवत येते डावीकडून, वरून. खाली कोपऱ्यात पोचेपर्यंत मला लघवीला लागते. मी हाक मारते. ही ब्रश टाकून उठते. माझं सगळं आवरून परत बसेपर्यंत उजेड गेलेला असतो. झाला तुमचा कोपरा!”

कॅमेरामन फिसकन हसला. मुलीचे डोळे चमकले.

“म्हणजे खरी प्रेरणा आजीच की!”

“प्रेरणा कसली? लघवी.”

बेबीचे कान तापले. आईने चारचौघांत सांगितलं म्हणून नव्हे. ते खरं होतं म्हणून. मध्यंतरी आई दवाखान्यात असताना तिने एक चित्र पुरं केलं होतं. हाक मारायला कुणी नव्हतं. कोपरा भरला आणि ते चित्र दुकानदार फुकट वाटतात त्या कॅलेंडरासारखं दिसायला लागलं. तिने ते फाडून टाकलं, पण पोटात भीती बसली ती बसलीच. आई गेल्यावर आपल्याला चित्र काढता येतं की नाही, ते कळणार होतं.

“आजी, तुम्हाला काय वाटायचं मग?”

“काय वाटणार? पोरीचं एवढं चांगलं चित्र, माझ्यापायी अर्धवट. एक तरी अख्खं बघायला मिळावं असं वाटतं डोळे मिटायच्या आधी.” आईने बेबीकडे पाहिलं नाही. “पण ते काय आपल्या हातात असतं?”

मग मुलीने बेबीला थोडं काम करून दाखवायला सांगितलं. बेबीला खरं तर पाठ टेकायची होती. रात्री आईचा डोळ्याला डोळा लागला नव्हता, त्यामुळे तिचाही नाही. तरी तिने फळी मांडीवर घेतली आणि कागद भिजवला. पाइप झाले, कपडे झाले. हात सवयीने चालत होता. सायकल झाली. कोपरा जवळ आला तसा हात आपोआप मंदावला आणि कान पलंगाकडे लागले.

हाक आली नाही.

बेबीने पुन्हा रंग घेतला, उगाच पातळ केला. तरी नाही. तिने तिरप्या नजरेने पाहिलं. आईने डोळे मिटले होते, पण तो झोपलेल्या माणसाचा चेहरा नव्हता. ओठ गच्च दाबलेले. चादरीची कड दोन्ही मुठींत आवळलेली. चादरीखाली एक पाऊल दुसऱ्यावर दाबून धरलेलं. कपाळावर घाम आला होता.

“थांबू नका, मॅडम,” मुलगी कुजबुजली. “एवढासाच राहिलाय.”

बेबीने भरलेला ब्रश कोपऱ्यावर धरला. दोन फटकारे मारले असते तर झालं होतं. आईला जे बघायचं होतं ते दिसलं असतं. बेबीला जे बघायचं नव्हतं, तेही.

तिने ब्रश पाण्यात टाकला.

“बंद करा ते. जरा बाहेर थांबा दोघं.”

दार लागल्यावर तिने पलंगाखालून बेडपॅन ओढला, एका हाताने आईची कंबर उचलली आणि दुसऱ्याने तो सरकवला.

“इतकं दाबून कशाला धरायचं? मग त्रास कुणाला होतो?” आवाज हवा त्यापेक्षा जास्त चढला होता.

बेबीने आईला पुसलं, कोरडं केलं, चादर सारखी केली, हात धुऊन आली. तोवर समोरच्या भिंतीवरचं ऊन उतरलं होतं. फळीवरचा कागद वाळून गेला होता. उजवीकडचा खालचा कोपरा पांढरा होता.

आई त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिने तोंड भिंतीकडे फिरवलं.

“बेबी,” ती म्हणाली, “आज मी हाक मारली नव्हती हं.”