किनाऱ्यावरचे दिवे

वाळूतल्या घरट्यापासून कासवाच्या पिल्लांच्या चौऱ्याण्णव रेघा निघाल्या होत्या. सहा समुद्राकडे गेल्या होत्या, बाकीच्या दिव्यांखालच्या रस्त्याकडे.

“पिल्लं उजेडालाच समुद्र समजतात,” मी लॉजवाल्या खोतवहिनींना म्हणाले. “दुसऱ्या घरट्यातली आज निघतील. एक रात्र दिवे बंद ठेवता येतील?”

“कासवं जगली तर पर्यटक येतील, कळतंय गो बाय. खोल्या रिकाम्याच आहेत. पण ते बंदूकवाले अंधारातच होडीतून उतरले. आमचे हे इथंच गेले. गावात कोण दिवा मालवील?”

हल्ल्यापासून रात्री किनाऱ्यावर जायला बंदी होती. तिन्हीसांजेला वहिनींनी आपल्या दारातल्या दिव्यावर गोणपाट टाकलं. बाकीचे सतरा दिवे जळत राहिले.

सकाळी मी रेघा मोजल्या. समुद्राकडे नऊ, रस्त्याकडे एकशे दोन.