गाडग्यातली मेथी

तानाबाईनं मेथीच्या बियाण्याचं गाडगं ओसरीत आणलं आणि तोंडावर लिंपलेलं वाळकं शेण उलथन्यानं फोडलं. तिच्या लेकाची, दयारामची, सुट्टी संपली होती. दुपारच्या मोटारीनं तो मोताळ्याहून मलकापूरला जाणार, तिथून रेल्वेनं पुढं थेट लडाखात, आपल्या पलटणीत. सरहद्दीवरची लढाई थांबली असं लोक म्हणत होते, पण तानाबाईचा त्यावर विश्वास बसत नव्हता.

दयाराम पेटीवर बसून तिकडच्या आपल्या बागायतीची गंमत सांगत होता. डबाबंद भाजी खाऊन तोंडाची चव गेली, म्हणून त्यानं लंगराच्या, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराच्या, मागं, दगडांच्या आडोशाला वाफा केला होता. आणि मग हा पठ्ठ्या काय करत बसला, तर मृगाची वाट पाहत! मृग लागला तरी पेरीना. पाऊस कुठं पडला होता? तिथं पाऊस जवळजवळ पडतच नाही, हे कुणी सांगेस्तोवर तिथला अर्धा उन्हाळा सरला. मग उशिरा लावलेल्या वांग्याला फूल आलं न आलं तोच वाफा बर्फानं पांढरा. त्याची बायको कोकिळा पदरात तोंड घालून हसली. तानाबाईला हसू आलं नाही. एवढ्या दूर, परक्या मातीपुढं आपलं लेकरू मृगाची वाट पाहत बसलं होतं, एवढंच तिला दिसत राहिलं.

तिथं जमीन कधी उकलते, पुन्हा कधी गोठते, हे तिनं खोदून खोदून विचारलं. मग बजावलं, की वांग्या-दोडक्याच्या नादी लागू नको, मेथी टाक. महिन्याभरात ताटात येते. रात्री वरून पोतं पांघर. आणि सगळी खुडू नको, एक ओळ बियाण्याला राहू दे.

एवढं सांगून तिनं फडकं पसरलं आणि गाडगं त्यावर उपडं केलं. राखेसकट सगळं बी. वर बुडावर थापही मारली.

कोकिळा चपापली. शेजारणीला बी दिलं तरी मूठभर मागं ठेवायचं, गाडगं रितं करायचं नाही, हे सासूनंच तर तिला शिकवलं होतं.

"आत्याबाई, घरात थोडं तं ठेवा. आपण काय पेरावं?"

"आपण नाही पेरत," तानाबाई म्हणाली आणि लेकाकडं वळली. "तू बी घेऊन येशीन, तवाच आपला वाफा पेरू."

दयारामचं हसू मावळलं. आईशी खोटं बोलणं त्याला कधी जमलंच नव्हतं.

"माय, तिथं बी धरायले दिवसच पुरत नाहीत. शेंग भरेस्तोवर बर्फ पडते. मी काय आणू?"

गाठ मारता मारता तानाबाईचा हात थांबला. एवढ्या हिकमतीनं घातलेली अट, तीही फुकट गेली. डोळे भरून आले, ते तिनं लपवले नाहीत. पुरचुंडी त्याच्या तळहातावर ठेवून तिनं त्याची बोटं एकेक करून मिटवली.

"मंग रिकाम्या हातानं ये, बापू."