हत्तीची भूक

करुणा मॅडमनी गुलमंडीतल्या दुकानात अर्धा दिवस घालवून वर्गाच्या वाचनालयासाठी वीस पुस्तकं निवडली, प्रत्येकावर ‘पुस्तकात लिहू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली आणि पहिलं पुस्तक दुसरीच्या पोरांना वाचून दाखवायला घेतलं. “हत्तीला अतिशय भूक लागली होती.” पोरांनी जांभया दिल्या. मॅडमनी पुन्हा वाचलं, “हत्तीला लई भूक लागली व्हती!” वर्ग खदखदून हसला. गंगापूरकडून आलेली नवी पोरगी मात्र उठून पुस्तकापाशी आली. पहिल्याच दिवशी तिच्या ‘लई’ला सगळे हसले होते, तेव्हापासून तिनं वर्गात तोंड उघडलं नव्हतं. “मॅडम, पुस्तकात लई लिवलंय? कुठं? दावा की.” मॅडमनी पानाकडं पाहिलं, चिठ्ठीकडं पाहिलं आणि स्केचपेन तिच्या हातात दिलं. “छापायचं राहून गेलंय बघ. तूच लिव.” पोरीनं ‘लई’ एवढं मोठं लिहिलं, की अख्खा हत्ती झाकला गेला.