दुखापतीवर उपाय

केजच्या मुलींच्या कबड्डी संघाची फिजिओथेरपिस्ट ईश्वरी हिनं सामन्याआधी पोरींची अंगं चांगली गरम करून घेतली. तेवढ्यात स्पर्धेचे आयोजक अमरसिंहदादा आले आणि हारतुरे सुरू झाले. मग दादांचं भाषण काही केल्या संपेना. घामेजलेल्या पोरी डिसेंबरच्या गार वाऱ्यात तासभर रांगेत ताटकळल्या.

"दादा, पोरी गारठल्यात. दहा मिनिटं द्या, परत व्यायाम घेते," ईश्वरी म्हणाली.

"आधीच लई उशीर झालाय म्याडम. होऊ द्या सुरू!"

पहिल्याच चढाईत सायलीच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि ती कळवळत खाली बसली.

"आजकालच्या पोरीच नाजूक," दादा माईकवरून हळहळले.

बर्फ लावता लावता ईश्वरी कडाडली, "नाजूक न्हाईत त्या! तुमच्या भाषणापायी ही सहा आठवडे घरी बसणार. दुखापती टाळायच्या असतील तर आधी भाषणं बंद करा."

दादांनी गंभीरपणे मान डोलावली. "पटलं बगा. ह्याच्यावर कायतरी केलंच पायजे."

पुढच्या स्पर्धेची पत्रिका आली. सामन्याआधी दीड तास अमरसिंहदादांचं व्याख्यान होतं. विषय होता, 'खेळातील दुखापती कशा टाळाव्यात'.