वाहतं पाणीच हवं

नद्यांनी संस्कृती घडवल्या, असं मोठमोठी माणसं सांगतात. अमेरिकन वाळवंटातल्या आमच्या चँडलरजवळच्या नदीला वर्षातले अकरा महिने पाणीच नसतं, त्यामुळे तिनं फक्त पार्किंग घडवलंय.

माझा मित्र मनोहर तिथे चौथ्या वर्षी आला होता. तांब्याच्या कलशात त्याच्या बायकोच्या, शैलजाच्या अस्थी. वर लाल फडकं, आणि त्याला गुरुजींनी व्हिडिओ कॉलवर सांगून मारायला लावलेली गाठ. "वाहतं पाणीच हवं," हे त्याचं दरवर्षी कलश परत नेण्याचं निमित्त. यंदा सगळ्या पात्रात खडकाखालचा एक डोह तेवढा उरला होता.

"यतीन, हे साचलेलं आहे रे. परत जाऊ."

"मन्या, मीही दमलो आता. सोड तिला."

कलश छातीशी धरून तो काठाशी उभा राहिला. मी शेजारी वाकलो. पाण्यात माझी टोपी, माझं पोट, सगळं जिथल्या तिथे होतं. पाण्यातल्या मनोहरचे हात मात्र रिकामे होते.

मी त्याच्याकडे पाहिलं. कलश छातीशीच होता. पुन्हा खाली पाहिलं, तर पाण्यातला मनोहर हात जोडत होता.

"तू हललास?"

"नाही."

त्यानं गाठ सोडवली. चार वर्षांची घट्ट गाठ, वेळ लागला. मग आत हात घालून तळ चाचपला. अस्थी नव्हत्या. हात मनगटापर्यंत ओला होऊन बाहेर आला.

तो बराच वेळ त्या हाताकडे बघत राहिला.

"यतीन," तो म्हणाला, "गाडीतून जरा पेपर नॅपकिन आण ना."