चाकाखालचं लिंबू

दसऱ्यात गाड्यांच्या आयुधपूजेला सुधींद्रकाकांनी आम्हाला गॅरेजात लांबच उभं केलं. आमच्या श्वासानं म्हणे पॉलिश बिघडतं.

"लाल फेरारीशेजारी जुनी पिवळी लॅम्बोर्गिनीच शोभते. जोडी जमवायला नजर लागते, तुम्हाला आपली स्कूटरच बरी," काका म्हणाले. "दर रविवारी दोघींना चामुंडी बेट्टाच्या डोंगरावर पळवून आणतो. नुसती उभी ठेवायला गाडी घेतात ते गाढव!"

पूजेचं लिंबू चाकाखाली चिरडेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा नेम. सरस्वतीआजी नवं लिंबू ठेवायला फेरारीच्या चाकाशी वाकली आणि तशीच थांबली.

 

"अय्यो सुधी, गेल्या दसऱ्याचं लिंबू वाळून खडा झालंय रे, पण आहे अख्खं!"