कारचा टायर

‘मोटरसायकलच्या मागच्या चाकाला कारचा टायर बसवला तर चालेल का?’ मरोळच्या व्हर्ननच्या या पत्राला श्यामकांतांनी उत्तरच दिलं नव्हतं. दुचाकींवर अख्खं पुस्तक लिहूनही त्यांना स्वतःची खात्री नव्हती. नको म्हणावं आणि आपलंच चुकलं तर?

दोन महिन्यांनी ते साकीनाक्याला स्कूटरचं पंक्चर काढायला थांबले. शेजारच्या मोटरसायकलला कारचा टायर बसवून झाला होता.

“वळणावर गाडी नीट झुकणार नाही हां,” टायरवाला म्हणाला. “घाटात वाट लागेल.”

“गप रे! पुस्तकवाल्या श्यामकांत सरांना पत्र लिहून विचारलंय मी. धोका असता तर लगेच नको म्हणाले असते ना?” मोटरसायकलवाला हसला आणि बायकोला म्हणाला, “नॅटली, बस. इथून थेट माळशेज घाट!”

तो व्हर्ननच होता. समोरच्या म्हाताऱ्याला तो ओळखत नव्हता. दोन हातांच्या अंतरावर उभे असलेले श्यामकांत खिशात पेन शोधू लागले. मोटरसायकल निघून गेली.



श्यामकांत तडक पोस्टात गेले, ‘बसवू नका’ असं ठळक अक्षरांत लिहिलं आणि लवकर पोहोचावं म्हणून स्पीड पोस्टाने मरोळला पाठवलं.